नेवेनाबाई आणि पुड्याची पाठ

आमच्या गोर्नो लोझेने गावात शाळेतल्या नेवेनाबाईंच्या मागे दुकानाच्या रांगेत उभं राहायला कोणी राजी नसतं. बाई वस्तू हातात घेतात, उलटी करतात आणि मागचं मुंगीएवढं अक्षर वाचत बसतात. रांग दाराबाहेर जाते. दुकानदार दांचो एकदा वैतागून म्हणाला, "बाई, सॉसेज आहे ते, मृत्युपत्र नाही." बाईंनी त्याला त्यातल्या मिठाचा आकडा ऐकवला आणि सॉसेज जागेवर ठेवून दिलं.

पूर्वी त्या अशा नव्हत्या. नवरा रुमेन ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, बोलका आणि खाण्याचा शौकीन. त्याला साखर निघाली तेव्हा डॉक्टरांनी गोड बंद केलं, म्हणून बाईंनी 'मधुमेहींसाठी' असं मोठ्या अक्षरात लिहिलेली बिस्किटं आणायला सुरुवात केली. पुड्यावर हिरवं पान होतं. हिरवं पान बघितलं की आपली माणसं डोळे मिटून विश्वास टाकतात. रुमेन रोज सकाळी कॉफीबरोबर निर्धास्त अर्धा पुडा संपवायचा. आधी त्याचं पाऊल कापलं गेलं, मग तो गेला. फडताळ आवरताना एक पुडा सापडला, आणि बाईंनी तो पहिल्यांदा उलटा केला. साखर नव्हती खरी, पण मैदा होता आणि साखरेचेच दोन चुलतभाऊ वेगळ्या नावानं बसले होते. बिस्किटांनी माणूस मेला असं कोणी म्हणणार नाही, बाईसुद्धा म्हणत नाहीत. पण ती त्यांनीच आणून त्याच्या हातात दिली होती, आणि ते त्यांच्या मनातून जात नाही.

तेव्हापासून चौथीच्या वर्गात त्यांनी हा धडा लावून धरला. मुलांनी घरून रिकामे कागद, डबे, दह्याची झाकणं आणायची. "पुढची बाजू विकणाऱ्याची, मागची आपली," बाई सांगायच्या. जे सगळ्यात जास्त, ते घटकांच्या यादीत सगळ्यात आधी. आणि तुलना करायची ती शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम अशीच, कारण 'एक वाढणी' म्हणजे किती हे प्रत्येक कंपनी आपल्या सोयीनं ठरवते. पोरांना याचं वेडच लागलं. प्लामेन नावाच्या वात्रट पोरानं तर पाहुणा म्हणून आलेल्या मामाच्या हातातून सरबताची बाटली काढून घेतली. त्याची आई शाळेत येऊन म्हणाली, "बाई, घरात घास घ्यायची चोरी झाली आहे." बाईंना त्या दिवशी कोण आनंद झाला.

त्याच वर्गात कालिना होती. आई स्पेनमध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा करते, पोर इथे आजोबांकडे. वर्गात तिचा आवाज फारसा कोणी ऐकलेला नव्हता. वाढदिवसाच्या दिवशी मात्र ती पांढरा सदरा घालून आली. वेण्या स्वतःच घातल्या होत्या, त्यामुळे एक वर, एक खाली. हातात चॉकलेटी बिस्किटांच्या छोट्या पुड्यांचं खोकं.

आमच्याकडे ज्याचा वाढदिवस, त्यानं सगळ्यांचं तोंड गोड करायचं. घेणाऱ्यानं "जिवंत राहा, धडधाकट राहा" म्हणायचं. नको म्हणायचं नसतं. साखर असलेला माणूससुद्धा घेतो आणि गुपचूप खिशात टाकतो. आई स्पेनला गेल्यानंतरचा कालिनाचा हा पहिला वाढदिवस होता. आज आपल्या हातचं सगळे घेतात का, एवढंच तिला बघायचं होतं.

ती आधी बाईंकडे आली. बाईंनी पुडा उचलला, "जिवंत राहा, धडधाकट राहा, बाळा," म्हणाल्या, आणि सवयीनं त्यांच्या हातानं तो पुडा उलटा केला.

झालं. सगळ्या वर्गानं ते पाहिलं. खोकं बाकांवर पोचलं तसे पुडे भराभर पालथे होऊ लागले.

"पहिली साखरच," प्लामेन म्हणाला.

"दुसरं पाम तेल," मागून कोणीतरी भर घातली.

"बाई, धडधाकट राहा म्हणायचं आणि हे खायचं?"

वर्ग खिदळला. एका मुलीनं आपला पुडा अलगद खोक्यात परत ठेवला. मग दुसरीनं ठेवला. कालिना खोकं धरून तशीच उभी राहिली.

"अरे, वाढदिवसाला चालतं," बाई घाईनं म्हणाल्या. "एक दिवस खाल्लं म्हणून काही होत नाही."

"पण तुम्हीच म्हणाला होता ना, एक दिवस, एक दिवस म्हणत माणूस जातो," प्लामेन म्हणाला. तो चावटपणा करत नव्हता, शिकवलेलं म्हणून दाखवत होता. ते वाक्य बाईंनी रुमेनच्या आठवणीत, डोळे पुसत सांगितलं होतं. आता ते खोडायचं कसं?

मग बाईंनी नको ते केलं. "सगळ्यांनी घ्या," त्या कडक आवाजात म्हणाल्या, "आणि माझ्यासमोर खा." पोरांनी औषध घ्यावं तशी बिस्किटं खाल्ली. धडधाकट राहा असं कोणी म्हणालं नाही. कालिना एकेकाचं तोंड बघत होती. बाईंनीही आपलं बिस्किट तोंडात घातलं.

शाळा सुटल्यावर कालिना उरलेले पुडे नीट रचत बसली होती. बाई शेजारच्या बाकावर टेकल्या.

"कालिना, चुकलं गं माझं."

"दांचोकाकांकडे तीन प्रकारची होती," कालिना खाली बघून म्हणाली. "मी तिन्ही वाचली. शंभर ग्रॅमलाच बघितलं. मला सोनेरी कागदवाली हवी होती, पण तिच्यात साखर सगळ्यात जास्त होती. या बिस्किटांत सगळ्यात कमी होती. याहून कमी त्यांच्याकडे नव्हतीच."

"मग वर्गात सांगितलं का नाहीस, बाळा?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही उलटून बघितलंत ना," कालिना म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही वाचलंत. आता तुम्हीच सांगाल सगळ्यांना."

बाईंनी एक अक्षरही वाचलेलं नव्हतं. हात आपोआप फिरला होता. पण हे त्या कबूल करायच्या आत कालिनानं खोक्याचं झाकण लावलं, "येते, बाई," म्हणाली आणि घरी गेली.