नारबोदीला काय द्यायचे

सासरच्या घरात वस्तू टाकण्याचा एक कायदा होता, आणि तो सासऱ्यांनी घालून दिलेला होता. कापड फाटले की गोधडीत, लाकूड मोडले की होळीच्या ढिगात, लोखंड लोहाराकडे, फुटके मडके गोठ्यात. यांपैकी कोणत्याही वाटेला न लागणारे जे उरे, ते माळ्यावर चढे. माळ्यावरच्या वस्तूंचा निवाडा वर्षातून एकदा, पोळ्याच्या संध्याकाळी होई. एका नारबोदीपासून पुढच्या नारबोदीपर्यंत ज्या वस्तूला तिच्या धन्याचा हात कामासाठी लागला नाही, ती वस्तू घराची नाही, असा तो कायदा. धूळ झटकण्यापुरता लागलेला हात त्यात धरला जात नसे.

आमच्या भागात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे नारबोद काढतात. झिजलेला खराटा, फाटके सूप, तुटकी टोपली असे सारे उचलून, ‘रोगराई घेऊन जा गे नारबोद’ असा पुकारा करीत, गावाच्या शिवेवर नेऊन टाकतात आणि मागे न पाहता परततात. शिवेवर गेलेली वस्तू पुन्हा घरात येत नाही. सासऱ्यांनी या रिवाजालाच घर रिकामे करण्याच्या कामी लावले होते. दिवाळीच्या सुमारास हलका, म्हणजे लवकर पिकणारा, धान घरी येई. त्याच्या आत माळा मोकळा हवा, आणि पावसाळाभर अडगळीत विंचू घर करतात, हे त्यामागचे साधे कारण.

मी भंडाऱ्याच्या शाळेत मॅट्रिकपर्यंत शिकून त्या घरात आले होते. सासऱ्यांसमोर पदर पुढे ओढून वावरायचे, बोलायचे नाही, त्यांचे सांगणेही सासूबाईंकडूनच यायचे, ही तिथली रीत. खरे सांगायचे तर त्या रीतीचा मला आधारच वाटे. बोलणे मला कधीच सहज जमले नाही.

मागल्या पोळ्यानंतर थोड्याच दिवसांत सासऱ्यांना लकवा झाला होता. उजवे अंग गेले, जीभ जड झाली. धानाची रोवणी तेव्हा आटोपली होती, बैलांना काम नव्हते, म्हणून त्यांची तुतारी माळ्यावर गेली ती गेलीच. तुतारी म्हणजे बैल हाकण्याची, टोकाला लोखंडी आर बसवलेली बांबूची काठी. ती त्यांनी स्वतः कापून, तेल पाजून केलेली. वर्षभर ते खाटेवर होते आणि रोज सकाळी एकच वाक्य बोलत : “पुढच्या नांगरटीले मी येतो.”

पोळ्याच्या सकाळी सासूबाई चुलीपुढे बसल्या होत्या. एकाएकी त्यांचा हात थांबला.

“काय वो सूनबाई, बुढ्याची तुतारी माळ्यावरच हाये ना?”

मी मान हलवली. त्यांनी मुलाला, म्हणजे माझ्या यजमानांना, हाक मारली.

“आज सांजेले माळा उतरवतील. त्यायच्या हाती तुतारी दिली काय सालभरात कोणी?”

“नाही माय.”

“काल काऊन नाही दिली? गोठ्याजवळ खाट नेली असती, बैल हाकलू दिला असता एकडाव.”

“मंग आज देतो.”

“आज? पोळ्याच्या दिवशी बैलाले तुतारी दाखवतोस? डोस्कं ठिकाणावर हाये काय तुहं?”

पोळ्याला बैलाला कोणी तुतारी लावीत नाही. त्या दिवशी तिच्याकडे हातही जात नाही. वर्षातला उरलेला तो एकच दिवस होता आणि तोच वर्ज्य निघाला. यजमान म्हणाले, “मंग लपवून ठेवू गोठ्यात. बाबा विसरले असतील.”

“पाय गेला त्यायचा, डोस्कं नाही गेलं,” सासूबाई म्हणाल्या. “अन् तुतारी शिवेवर गेली तं तो माणूस खाटेवरून उठाचा नाही. मी सांगून ठेवतो.”

दिवसभर बैलांच्या शिंगांना रंग लागला, झुली चढल्या, बैल गावच्या तोरणाखाली जाऊन परत आले, त्यांना नैवेद्य दाखवला. घरात मात्र कोणी कोणाकडे सरळ पाहत नव्हते. संध्याकाळी सासऱ्यांची खाट ओसरीवर आणली. माळ्यावरून वस्तू आणण्याचे काम माझ्याकडे आले, कारण तुतारी त्यांच्यापुढे नेऊन ठेवायला दुसरे कोणीच तयार नव्हते.

मी एकेक वस्तू आणत गेले. मोडकी पाटी. “जाऊ दे.” तळ फुटलेला कंदील. “जाऊ दे.” सासूबाईंच्या जात्याचा जुना खुंटा. “राहू दे, तिले दळल्याबिगर करमत नाही.” सासूबाई हसल्या नाहीत. फाटके सूप गेले, मासे धरण्याचा जुना सापळा गेला. मी मुद्दाम सावकाश चढत-उतरत होते. शेवटी माळ्यावर काही उरले नाही.

“अजून हाये,” सासरे म्हणाले.

तुतारी आणून मी त्यांच्यापुढे धरली. आरेवर गंज चढला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिले, मग मुलाकडे. सासूबाई पुढे झाल्या.

“अजी, त्या तुतारीले मी हात लावला होता.”

“तू कोणता बैल हाकलला?”

“तुमालेच हाकलतो रोज.”

त्यांच्या तोंडाची एक बाजू हलली. ते हसू होते की काय ते मला कळले नाही. “ठेव बाजूले,” एवढेच ते सासूबाईंना म्हणाले. जाणाऱ्या ढिगातही नाही, राहणाऱ्यातही नाही. मी ती खांबाला टेकवली. त्यांनी असा अर्धा निवाडा याआधी कधी दिला नव्हता, असे सासूबाई स्वयंपाकघरात पुटपुटल्या आणि जेवल्या नाहीत.

पहाटे गावात पुकारा सुरू झाला. यजमानांनी टोपलीत सारे भरले, खांबाजवळ गेले आणि तिथेच थांबले. सासरे खाटेवर बसलेले होते.

“पक्कड आण.”

“कायले?”

“तिची आर काढ.”

यजमानांनी पक्कड आणली. गंजलेली आर सहज निघेना, बांबू करकरला. निघाल्यावर सासऱ्यांनी ती डाव्या तळहातावर घेतली, थोडा वेळ ठेवली आणि टोपलीत टाकली.

“हे ने शिवेवर. आता नांगरट तूच पाह्य.”

“अन् तुतारी?”

“तुतारी कोठं हाये? हे काठी हाये.”

त्यांनी डाव्या हाताने ती धरली आणि उठले. यजमान धरायला धावले तशी सासूबाईंनी त्यांना मागे ओढले. ओसरीच्या पायरीवर सासऱ्यांचा पाय अडला, सारे अंग उजवीकडे कलले, काठी सारवलेल्या जमिनीत रुतली आणि तुटते की काय असे वाटेपर्यंत वाकली. मग ते सरळ झाले. अंगणातून फाटकापर्यंत पोचायला त्यांना किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. त्यांच्या पुढून टोपली घेऊन गेलेले यजमान तेवढ्यात शिवेवर पोचलेही असतील.

ते फाटकाला टेकून उभे राहिले. धाप ओसरल्यावर सासूबाईंना म्हणाले, “सूनबाईले सांग, माळा झाडून घे.”

मी दोन पावलांवरच उभी होते. सासूबाईंनी ते मला पुन्हा सांगितले, आणि डोळे पुसत चुलीकडे गेल्या.

मी माळा झाडला. त्यानंतर त्यांनी नांगरटीचे नाव काढले नाही. काठी खाटेच्या डाव्या बाजूला, हाताला लागेल अशी उभी असे.