वेत भिजेपर्यंत

सर्जापूर रोडवरच्या आमच्या इमारतीखाली वेताच्या खुर्च्या विणणारा एक म्हातारा बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. बेळगावकडचा असावा, मराठी कानडी हेल काढून बोलायचा.

माझी नात शाळेत जात नाही, घरीच शिकते. ज्याच्या हातात कसब, त्याच्याजवळ जाऊन बसते. लेक-जावयाला ते पटलंय, मला मात्र सारखी धाकधूक, की ही मागे पडणार. मागे आठवडाभर ती आमच्या आरामखुर्चीची बैठक त्याच्याकडून विणायला शिकत होती.

वेताच्या पट्ट्या बादलीत भिजत घालून तो नुसता पाण्याकडे बघत बसायचा. नातही बघायची. मग मीही बघायला लागले. काय सांगू, पाण्यात वरचं करंजाचं झाड हलायचं आणि सकाळ कुठे विरून जायची कळायचंच नाही.

एकदा न राहवून विचारलं, “अण्णा, खरं सांगा, पोरगी काही शिकतेय का?”

“काल तिची ओळ चुकली, अक्का. मला दिसली. मी गप्प बसलो.”

“मग सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर चूक माझी झाली असती की. स्वल्प थांबलो. चार ओळी पुढं गेली, मग तिनं आपणच बघितलं आणि सगळं उकलून परत विणलं.”

आता तो तिथे बसत नाही. मी रोज दुपारी त्या खुर्चीत बसते. काठाजवळची आणखी एक ओळ तिरकी गेलीय, बोटांना लागते. नातीला अजून दिसलेली नाही.

मी गप्प आहे. स्वल्प थांबते.