घरगाडीच्या भिंतीवरचे फोड

नवसू धाऊ भोईर यांच्याशी माझी ओळख संशयातून झाली, हे मी प्रथम नमूद करते. मुरबाडहून शहापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पाहुण्यांना उतरण्यासाठी तंबूंचे एक ठिकाण आहे. तेथे मी साफसफाईचे काम करते. मालकांची एक जुनी घरगाडी तेथे उघड्यावर उभी असते. आत पलंग, ओटा, मोरी, सर्व काही आहे. तिच्या बाहेरच्या भिंती फायबरच्या आहेत. मला ते ठाऊक नव्हते. दर सोमवारी मी ती चुलीची राख आणि काथ्या घेऊन, भांडी घासावीत तशी घासत असे.

दोन वर्षांत तिची चकाकी गेली आणि बोट लावल्यास पांढरी भुकटी निघू लागली. दिवाळीनंतर रंगाखाली तळहाताएवढे फोड आले. ज्याच्या हाताने हे झाले त्याला कामावर ठेवणार नाही, असे मालकांनी सर्वांसमोर सांगितले. 

मालकांनी वाशिंदहून नवसूंना बोलावले. ते मूळचे उंबरमाळीकडचे. पंधरा वर्षे कारखान्यात फायबरचे दरवाजे बनवून आता ते स्वतः दुरुस्तीची कामे घेतात. माणूस अबोल. अबोल माणसाच्या मनातले कळत नाही, म्हणून मी त्यांच्यावर नजर ठेवली. त्यांनी नाण्याने भिंत ठोकली, पोकळ आवाज आला तेथे पेन्सिलीने गोल काढले आणि गाडी कशाने धुता, असे मला विचारले. साध्या पाण्याने, असे मी सांगितले.

"गोजाबाय, पानी असे गोल गोल ओरखडे नाय काढत."

"मंग उन्हानं पडले असतील."

"ऊन काथ्या घेऊन येतं काय?"

हा मनुष्य माझे नाव सांगणार, अशी माझी खात्री झाली. मी हातात झाडू घेऊन दिवसभर त्यांच्या मागे राहिले. त्यांनी आत जाऊन छताजवळची पट्टी उघडली, तेव्हा काम वाढवण्यासाठीच हे मोडतोड करतात, असेही मला वाटले. पट्टीमागचे प्लायवूड काळे पडले होते आणि भिजलेल्या बिस्किटासारखे हातात येत होते. मग ते शिडीवर चढून टपाचा, म्हणजे छत आणि भिंत जुळतात तेथला, सांधा पुष्कळ वेळ पाहत बसले.

संध्याकाळी मालक आले. मी पाण्याच्या टाकीआड उभी राहून ऐकले. खालचे ओरखडे घासल्याचे आहेत आणि ते गोजाबाईंचे आहेत, असे नवसूंनी सरळ सांगितले.  पुढे ते म्हणाले की ओरखडे पॉलिशने जातील. फोडांचे कारण वेगळे आहे. टपाच्या सांध्यात पाणी अडवण्यासाठी भरलेले सीलंट फाटून पावसाचे पाणी भिंतीत उतरले आहे.

"बायचा हात जिथं पोचत नाय, तिथं फोड आहेत. तुमीच बघा."

मालकांनी पाहिले. माझी नोकरी टिकली.

तरी माझा संशय गेला नाही. परक्यासाठी कोणी उगाच बोलत नाही, असे मी मानत आले आहे. आठ दिवस त्यांनी कुजलेला भाग कापला, भिंत सुकवली आणि फायबर घट्ट करणाऱ्या रेझिनचे थर दिले. मी रोज चहा नेऊन दिला आणि ते बदल्यात काय मागतात, याची वाट पाहिली. शेवटच्या दिवशी त्यांनी मला हाक मारली. मी नकार तयार ठेवून गेले. नवसू म्हणाले, "गोजाबाय, पावसाळ्याआधी कोनाला तरी शिडीवर चढवून वरचा सांधा बघायला सांगा. भेग दिसली का मला फोन करा, फोड यायची वाट बघू नका."