पहिल्या पानावरचं जेवण

मुलीनं मिरजगावचा मुलगा पसंत केला, त्याला आमची ना नव्हती. घोडं अडलं ते त्याच्या आईपाशी. बाई माळकरी. मटण शिजतं त्या घरात पाणीही घेत नाहीत, आणि आमच्या भिंगारच्या ख्रिस्ती घरात रविवारी चर्चहून आलं की मटण ठरलेलं. "आई तुमच्याकडं जेवली की होकार समजा," असं मुलगा म्हणाला होता.

मी आठवडाभर घर घासत होते. नवी कढई आणली, नवा तवा, नवी पातेली. आमचे हे मात्र बायबल घेऊन बसले. शाकाहाराबद्दल जिथं जिथं काही आहे तिथं तिथं त्यांनी चिठ्ठ्या घातल्या. मी म्हटलं, "त्या जेवायला येतायत, प्रवचनाला नाही." पण ऐकतील तर शपथ!

बाई आल्या. मी पाण्याचा पेला समोर ठेवला, त्याला त्यांनी हात लावला नाही. यांनी लगेच पुस्तक उघडलं. देवानं माणूस घडवला आणि त्याला खायला बी धरणारी रोपं अन् झाडांची फळं दिली, ते वाचून दाखवलं. मग राजाच्या ताटातलं नाकारून डाळी-भाजीवर राहिलेल्या आणि तरीही सगळ्यांत तजेलदार दिसलेल्या तरुणांची गोष्ट सांगितली.

बाई खुलल्या. "म्हंजे तुमच्या देवानं बी आदी भाजीपालाच दिला व्हय?"

मी हुश्श केलं. तेवढ्यात हे म्हणाले, "पण जलप्रलयानंतर मांसाचीही मोकळीक दिली. तेही इथंच लिहिलंय."

मी टेबलाखाली त्यांच्या पायावर पाय दिला. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, धडा अर्धा सोडेल कसा! स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या मुलीचे डोळे भरून आले.

"ह्ये सांगायची काय गरज हुती तुमाला?" बाईंनी यांना विचारलं.

"लिहिलंय ना," हे म्हणाले.

बाई माझ्याकडं वळल्या. "आन् आज काय केलंय?"

"वांग्याची भाजी, मटकीची उसळ, बाजरीची भाकरी. भांडी सगळी नवी आहेत," मी म्हणाले, आणि मलाही राहवलं नाही. "शेगडी मात्र तीच आहे, रोजची."

बाईंनी पेला उचलला आणि रिकामा करूनच खाली ठेवला.

"वाढा," त्या म्हणाल्या. "आन् पोरीला बसवा माज्याशेजारी. लई येळ उभी हाय ती."