वॉरंटीनंतरची बुद्धपौर्णिमा

बुद्धपौर्णिमेच्या सकाळी मी घरातल्या सगळ्यांचे पांढरे कपडे मशीनमध्ये टाकले. संध्याकाळी विहारात जायचं होतं. मशीननं कपडे धुतले, पाणी काढलं आणि दार काही उघडेना. वॉरंटी गेल्याच महिन्यात संपली होती. एवढ्या एका बाबतीत यंत्र अगदी वक्तशीर.

मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग टिकतात का ते तपासते. तिथं एक यांत्रिक हात गाडीचं दार उघडतो, लावतो, पार मोडेपर्यंत. सासूबाईंना हे माहीत होतं.

"गाड्यांची दारं मोडायचा पगार घेतेस ना? मग हे एवढं उघड की!"

कस्टमर केअरला फोन लावला. माझा कॉल त्यांच्यासाठी किती मोलाचा आहे, हे एक गोड आवाज बराच वेळ सांगत राहिला. माझ्याशी बोलायला मात्र कुणी येईना. अखेर एकजण आला आणि म्हणाला, "प्लग काढून परत लावा." लावला. मशीननं एक सुरेल धून वाजवली. दार बंदच.

दुपारी त्यांचा माणूस आला. एकही स्क्रू न काढता त्यानं निदान केलं.

"आतलं सर्किटचं कार्ड गेलंय, मॅडम."

"मग बदला."

"या मॉडेलचं आता येत नाही. नव्या मशीनवर एक्स्चेंज ऑफर आहे बघा."

"आणि आतले कपडे?"

त्यानं काचेतून डोकावून पाहिलं. "ते एकदम सेफ आहेत."

तो गेल्यावर सासरे सोफ्यावरून उठले. त्यांनी मागून मशीनला मिठी मारली. मी दाराच्या फटीत मजबूत दोरी सरकवली आणि दोन्ही टोकं हाताला गुंडाळली.

"बाबा, घट्ट धरा!"

"तू ओढ गं!"

कडाड् आवाज झाला आणि बिजागरीसकट दार माझ्या हातात आलं. मनातल्या मनात मी अहवालही लिहून टाकला: पहिल्याच प्रयत्नात निकामी.

कपडे गॅलरीत टाकले. पिंपरीतल्या मे महिन्याच्या उन्हानं ते तासाभरात वाळवले, तेही कार्डाशिवाय. सुरकुत्या तशाच राहिल्या. विहारात एका बाईंनी विचारलंच, "इस्त्री नाही का केली?"

"इस्त्री अजून धड आहे," सासूबाई म्हणाल्या, "म्हणून तिला हात लावला नाही."

वंदना झाली, खीर वाटली गेली, आणि सुनेनं दार कसं उपटलं ते सासूबाईंनी प्रत्येकीला सांगितलं. लग्नाच्या आठ वर्षांत पहिल्यांदाच माझ्या नोकरीचं कौतुक झालं.

नवं मशीन घेतलं. न घेऊन सांगते कुणाला! त्यात चादरी आणि टॉवेल जातात. पांढऱ्या साड्या मात्र मी आणि सासूबाई बाथरूममध्ये बादलीत धुतो. त्या माझ्या पिळण्याला नावं ठेवतात, मी मुद्दाम जोरात झटकते, आणि दोघी भिजून बाहेर येतो.