अकरा नंबरची खाट

आजवर हे माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. लेकीपुढं नाही, भावापुढं नाही, विहारातही नाही. मी चौथी शिकलेला माणूस. लिहायला वेळ लागतो, अक्षर वाकडं येतं. पण बोलायला गेलो की जबान अडते, म्हणून लिहितोय. तुम्ही माझ्या ओळखीचे नाहीत, ते बरंच आहे.

मी आणि माझी बायको कौसाबाई, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वाकळ पिळणं. सकाळची वेळ होती. आठ दिवसांनी नळाला पाणी आलं होतं. आमच्या लातूरला ते तसंच येतं. आणि पाणी आलं की कौसा घरातलं काहीतरी मोठं धुवायला काढायची. जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ ओली झाली की एकट्याला उचलत नाही. एक टोक तिनं धरायचं, एक मी. तिनं इकडं पीळ द्यायचा, मी तिकडं. सगळा संसारभर असंच. त्या दिवशी तिच्या हातातून टोक सुटलं आणि वाकळ चिखलात पडली. ती हसली.

"हातात जोरच न्हाई बगा आज. आन् हितं पाठीत चमक मारायलीय."

मी काय म्हणालो? म्हणालो, "उद्या जाऊ दवाखान्यात. आज तर तुला दवाखान्यातच निजायचंय की."

त्यावर दोघंही हसलो. आता हसण्यासारखं त्यात काय होतं, ते सांगायला पाहिजे.

मी एका संस्थेत शिपाई होतो. खाली संस्था, वर दवाखाना. मुली दोन वर्षं राहायच्या, वॉर्डात काम करत करत नर्सिंगचं शिकायच्या. मुरुडच्या, चाकूरच्या, देवणीकडच्या. कुणाचा बाप हमाल, कुणाची आई रोजानं जाणारी. दोन वर्षांनी कागद मिळायचा आणि त्या कागदावर नोकरी. शिकणं म्हणजे पेशंटजवळ उभं राहून शिकणं – पण पेशंटच नव्हते. चाळीस खाटा, त्यातल्या चार-पाच भरलेल्या. पोरी एकमेकींचंच बीपी बघायच्या. नाडी बघायला मलाच स्टुलावर बसवायच्या. त्या संस्थेतून गेलेल्या प्रत्येक मुलीनं माझी नाडी मोजलेली आहे.

मग मान्यता काढून घेतल्याचं पत्र आलं. ते माझ्याच हातात आलं, पोस्टमनच्या कागदावर सही मीच केली. मोठ्या बाईंनी, म्हणजे संस्थेच्या मुख्य बाईंनी, ते दोनदा वाचलं, कपाटात ठेवलं, आणि किल्ली पर्समध्ये टाकत म्हणाल्या, "मामा, मुलींना कळलं, तर ते तुमच्याकडून कळलं असंच मी समजेन."

मी भ्यालो. माझं नोकरीचं वय कधीच उलटून गेलेलं होतं, बाईंच्या मेहरबानीवर टिकून होतो. त्या दिवसापासून पोरी विचारायच्या, "मामा, परीक्षेचे फॉर्म आले का?" मी म्हणायचो, येतील. रोज म्हणायचो. जिन्यावर पाय वाजला की मी तोंड फिरवून फडकं मारायला लागायचो.

पण हे काही ते नव्हे, जे मला सांगायचंय. हे तर छोटं आहे.

बाईंनी वर अर्ज केला की त्रुटी दूर केल्यात, पुन्हा तपासणी करा. तपासणी मंजूर झाली, दोन दिवसांची. मग सगळ्या नोकरांना बोलावून सांगितलं, खाटा भरल्या पाहिजेत. ज्यानं त्यानं आपापली माणसं आणायची. वॉचमननं सासू आणली, स्वयंपाकीण भाजीवाल्या दोघी घेऊन आली. प्रत्येकाला एक खाट, एक केस पेपर आणि एक आजार. मी कुणाला आणू? गल्लीतलं माणूस आणलं तर गल्लीत बोलणार. घरातलं माणूस बोलत नाही – म्हणून मी कौसाला आणलं.

ऑटोत ती विचारत होती, "मला काय झालंय म्हनू? पोट म्हनू का छाती?"

"कागदावर आसंल ते म्हन."

"आन् बरी कवा होऊ?"

"कमिटी गेली की."

कागदावर पोट होतं. बाईंनी मुद्दाम सगळ्यांना पोट, ताप, सांधे असंच वाटून दिलं होतं. छाती लिहिली तर कमिटीवाले म्हणतील मशीन लावून दाखवा, आणि छातीचं मशीन बंद होतं. खोटं सुद्धा किती विचार करून बोलावं लागतं, नाही?

कौसाला अकरा नंबरची खाट मिळाली, खिडकीजवळ. तिनं चादर हातानं चाचपून बघितली. म्हणाली, "घरी अशी गादी असती तर मी रोज आजारी पडले असते."

कमिटीचे तीन लोक शेजारच्या वॉर्डात आले तेव्हा संगीता माझ्याकडं आली. देवणीकडची पोर, दुसऱ्या वर्षाची. अकरा नंबर तिच्याकडं होता. हळूच म्हणाली, "मामा, मामीची नाडी नीट लागंना. मधीच थांबती."

मी म्हणालो, "मी शिकवून आनलंय तिला. नाटक झ्याक करती."

"नाटकात घाम येत न्हाई, मामा."

मी जाऊन बघितलं. कपाळ ओलं होतं, ओठ काळवंडलेले. मला बघून कौसा म्हणाली, "आवं, त्या कागदावर पोट लिवलंय. छाती लिवा म्हनावं."

मी नंतर मनाची खूप समजूत घातली, की मला वाटलं ती चेष्टा करतीय. ती चेष्टेखोर होतीच. पण तुम्हाला खरं सांगतो – मला तसं वाटलं नव्हतं. मला कळलं होतं. नांदलेल्या बाईचा आवाज नवऱ्याला कळत नाही का? मी चादरीच्या टोकानं तिचा घाम पुसला, म्हणजे कमिटीला दिसू नये. म्हटलं, "थोडा दम धर. जाऊ दे त्यांना." ती म्हणाली, "बरं."

कमिटी आली. त्यातला एक चष्मेवाला साहेब अकरा नंबरशी थांबला. "काय होतंय, आजी?"

मी दारात पाण्याचा ट्रे धरून उभा होतो. कौसानं त्या साहेबाकडं नाही बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी तिला काही खूण केली नाही. मान सुद्धा हलवली नाही. नुसता उभा राहिलो – आणि तेवढ्यावरून ती समजली.

"पोट दुखतंय, साहेब," ती म्हणाली.

साहेबानं कागद बघितला. कागदावरही पोट होतं. तो पुढं गेला.

तिथं डॉक्टर होता, आमच्याच दवाखान्याचा, खरा डॉक्टर. कमिटीबरोबरच फिरत होता, दहा पावलांवर. एक हाक मारायची होती. मला बाईंची भीती वाटली, साहेबाची भीती वाटली, नोकरीची वाटली. कौसाची भीती मात्र वाटली नाही. म्हणजे ती जाईल अशी भीती. ती कुठं जाते, ती तर माझीच आहे, असं धरून चाललो होतो काय? आता मला सांगता येत नाही.

अजून एक राहिलं. सगळ्यात मोठं तेच.

कमिटी खाली जेवायला बसली, डॉक्टरही त्यांच्यात. संगीता वॉर्डातून पळत आली. "मामा, मी सरांना बोलावते. मामी जाईल वो." मी जिन्याच्या तोंडाशी उभा होतो. माझी नेमणूकच तिथं होती, जेवण होईस्तोवर कुणी खाली यायचं नाही. मी हात आडवा केला. कठड्यापासून भिंतीपर्यंत. पोर माझ्या हाताखालून जायला बघत होती. मी तिला ढकललं. म्हणालो, "तुझं वरीस वाया घालवतीस का? सगळ्या पोरींचं घालवतीस का?" ती परत फिरली. मला आतून आवाज येत होता, ती कौसाची छाती दाबत होती, मोठ्यानं आकडे मोजत. तिला शिकवलेलं होतं तसं. मी ते आकडे ऐकत जिन्यावर उभा राहिलो. मग आकडे थांबले.

जेवणं झाल्यावर डॉक्टर वर आला. त्यानं छातीला नळी लावली आणि काढून घेतली. मोठ्या बाई माझ्याजवळ आल्या. "मामा, घरी नेल्यावर गेल्या, असं झालं तर सगळ्यांचंच बरं." मी मान हलवली. मागच्या दाराला गाडी लावली. मी आणि वॉचमननं तिला मधी बसवून नेलं. गल्लीत सांगितलं, घरी आली, पाणी प्याली आणि गेली. लेक नांदेडला दिलेली, ती दिवस मावळता आली. तिलाही तेच सांगितलं. ती अजून म्हणते, "आई आपल्या घरात गेली बाबा, तेवढं तरी बरं झालं." ती म्हणते आणि मी हुं म्हणतो.

संस्थेला मान्यता परत मिळाली. ते पत्र घेतानाही सही मीच केली. पोरींना कागद मिळाले, संगीतालाही मिळाला असंल. जाताना सगळ्या पोरींनी माझा निरोप घेतला, तिनं नाही घेतला. ती कुणापाशी बोलली नाही. का बोलली नाही, मला माहीत नाही. मी अजून तिला भितो. सरकारी दवाखान्यात रांगेत बसलो आणि एखाद्या नर्सनं नाडीला हात लावला की मी मान वर करत नाही. तो हात तिचा असला तर? विहारात पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की माझे ओठ हलतात, आवाज निघत नाही. ती वाकळ अजून तशीच आहे, चिखलाच्या डागासकट. एकट्याला पिळता येत नाही.

आता दुसऱ्या दिवशीची सकाळ.

कौसा घरात होती, बायका भोवती बसलेल्या. जावयाची माणसं देगलूरहून यायची होती, म्हणून दुपारी न्यायचं ठरलं. बाईंचा फोन आला – कमिटी आज कागद बघणार, अकरा नंबरचा कागद अर्धा आहे. मी लेकीला म्हणालो, पांढरं कापड घेऊन येतो.

मी संस्थेत गेलो. बाईंनी कागद तयार ठेवला होता. रुग्ण बरी झाली, नातेवाइकांबरोबर घरी सोडली. बाईंनी जबरदस्ती केली नाही, नुसतं पेनाचं टोपण काढून धरलं. नातेवाइकाच्या रेघेवर मी माझं नाव लिहिलं, सगळं, बापाच्या नावासकट. मग अकरा नंबरवरची चादर बदलली. चष्मेवाला साहेब आला, रिकामी खाट बघून त्यानं मलाच विचारलं, "इथल्या आजी कुठं गेल्या?"

"बरी झाली, साहेब. घरी गेली."

"छान," तो म्हणाला.

मग मी पांढरं कापड घेतलं आणि घरी गेलो.