गोफण चालवणाऱ्याला बर्ड फीडर

आप्पांच्या पलंगाखाली एक कापडी पिशवी होती. तिच्यात दोन धोतरं, एक शर्ट, टॉवेल आणि औषधांची डबी. आई गेल्यावर मी त्यांना निपाणीजवळच्या गावातून बेळगावला, अनगोळच्या माझ्या फ्लॅटवर आणलं, त्याला चार महिने झाले होते. तरी पिशवी रिकामी झाली नव्हती. धोतर धुऊन वाळलं की घडी करून पुन्हा पिशवीत. कपाटातला खालचा कप्पा मी त्यांच्यासाठी मोकळा केला होता, तो मोकळाच राहिला. लेकीच्या घरी पाहुण्यासारखं यावं, मुक्काम करू नये, असं त्यांच्या पिढीचं म्हणणं. आप्पांनी ते तोंडातून कधी काढलं नाही. पिशवीनंच काय ते सांगितलं.

ते बोलायचेच कमी. जेवण वाढलं की "बास", चहा दिला की "ठेव". गावात एकटे राहिले तर रात्री-अपरात्री पडले झडले तरी कुणाला कळणार नाही, याची मला धास्ती. आणि एक दिवस ही पिशवी दाराबाहेर पडणार, हेही दिसत होतं. माणसाला राहतं कसं करायचं, मला काही सुचेना.

"त्यांना काहीतरी घेऊन दे. स्वेटर घे," आमचे हे म्हणाले.

स्वेटर घेतला असता तर तोही पिशवीत गेला असता. मला असं काहीतरी हवं होतं जे पिशवीत मावणार नाही. समोरच्या इमारतीत कुणीतरी बाल्कनीत पाखरांना दाणे घालायचं खोकं टांगलं होतं, ते पाहिलं आणि ठरवून टाकलं. शेतकऱ्याला पाखरांची सोबत, आणखी काय पाहिजे! मी स्वतःवरच खूश झाले.

बेळगावातल्याच शहापूरच्या गल्लीत, साड्यांच्या दुकानांच्या रांगेतच, पिंजरे आणि माशांच्या काचपेट्या विकणारं एक दुकान आहे. मालकीण कन्नड बोलणारी. मी मराठीतून विचारत होते, ती कन्नडमधून सांगत होती, आणि 'बर्ड फीडर' मात्र दोघी इंग्रजीतच म्हणत होतो, कारण त्याला दुसरं नाव दोघींनाही ठाऊक नव्हतं. मग माझी कीव येऊन तिनं मराठीत विचारलं, "तुमच्याकडं कुठली पाखरं येतात, आक्का?"

मला सांगता येईना. आठ वर्षं त्या घरात राहते, पण बाल्कनीत मी आजवर फक्त वाळत घातलेले कपडे पाहिलेत.

"येतात की... पाखरं," मी म्हणाले.

"चिमण्या असतील तर ही नळी घ्या. साळुंख्या असतील तर हे ताट. कबुतरं येत असतील तर काहीच घेऊ नका."

नळीला बसायला चार काड्या होत्या. ताटाला साखळ्या. तिसऱ्याला भोवती जाळी, खारीनं दाणे पळवू नयेत म्हणून. चौथं लाकडी, घरासारखं, वर उतरतं लाल छप्पर. नळी घ्यावी तर साळुंख्या उपाशी, ताट घ्यावं तर दाणे पावसात भिजणार, जाळीचं बघून तर मलाच गुदमरल्यासारखं झालं. मी नळी बांधायला सांगितली, मग सोडायला लावली, मग ताट बांधायला सांगितलं. लग्नाचा शालू निवडताना मी इतका घोळ घातला नव्हता.

"दाणे घालणार कोण?" शेवटी मालकिणीनं विचारलं.

"माझे वडील."

"मग त्यांनाच विचारा की!"

इतकी सोपी गोष्ट मला सुचली नव्हती, आणि तिनं सांगितल्यावरही मी ऐकली नाही. लाकडी घर आणि दाण्यांचं एक पाकीट घेऊन टाकलं. छप्पर आमच्या गावच्या घरासारखं होतं, एवढंच कारण.

आप्पांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं.

"ह्ये काय गं?"

"पाखरांना दाणे घालायचं, आप्पा. बाल्कनीत टांगायचं."

"कुणी घालायचं?"

"तुम्ही."

त्यांनी ते खाली ठेवलं. मग चार महिन्यांतलं सगळ्यात लांब बोलणं बोलले. "जलमभर पाखरं हाणली म्या. गोटे तूच आणून देत हुतीस की गं."

माझं तोंड एवढंसं झालं. शाळूची ज्वारी दाण्यावर आली की आप्पा उजाडल्यापासून पिकातल्या माळ्यावर उभे असायचे. हातात गोफण. त्यांची हाळी ओढ्यापर्यंत ऐकू यायची. ओढ्यातले गोल गोटे निवडून, परकराच्या ओच्यात भरून मी त्यांना नेऊन द्यायची. यातलं काही मी विसरले नव्हते, पण दुकानात उभी असताना यातलं काही आठवलंही नाही. शेतकरी आणि पाखरं ही गोड जोडी मी कुठल्या कॅलेंडरवर पाहिली होती कोण जाणे.

लाकडी घर आठवडाभर तसंच लटकत राहिलं. येता-जाता मला ते वेडावायचं. मग एका सकाळी आप्पा म्हणाले, "शाळू आण. त्ये पाकिटातलं नगं, कोंडा हाय नुसता."

शाळू आणला. त्यांनी घातला. दोन दिवस एक पाखरू फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते आणि बाल्कनीतून आवाज आला, "हाऽऽ हुर्रऽऽ!"

भाकरी तव्यावर वाकडीच पडली. धावत गेले तर आप्पा दोन्ही हात वर करून उभे, आणि चिमण्या चहूकडे उडालेल्या. खाली रस्त्यावर दोघंतिघं माना वर करून बघत होते. आप्पा आत आले, चहा प्याले, आणि ओंजळभर शाळू नेऊन पुन्हा त्या घरात ओतला. चिमण्या परत आल्या. जरा वेळ आप्पांनी त्यांना खाऊ दिलं. मग पुन्हा "हुर्रऽऽ!"

रोज हेच. भेट आवडली म्हणावं तर पाखरं हाकलतात, नाही आवडली म्हणावं तर स्वतः उठून दाणे घालतात. शेजारीण हळूच विचारायची, "वडलांना बरं न्हाय काय हो?" काय सांगणार? मला तरी कुठं कळत होतं? शेवटी मी वैतागले.

"आप्पा, हाकलायचंच आहे तर घालता कशाला?"

"खाऊ द्यावं, पर सोकावू देऊ न्हाय," ते म्हणाले. "आन् पाखरानं बी दुसऱ्याच्या दारात खाताना उडायची तयारी ठिवावी."

मी आत निघून आले. हे चिमण्यांबद्दल होतं की पलंगाखालच्या पिशवीबद्दल? रडू आलं, आणि रागही आला. माझं दार दुसऱ्याचं कधीपासून झालं?

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्या आल्या सवयीनं पलंगाखाली वाकले. पिशवी नव्हती. दारात त्यांच्या चपला आहेत का, हेही न बघता बाल्कनीकडे पळाले.

आप्पा स्टुलावर बसले होते. पिशवी कठड्याला अडकवलेली, निम्मी शाळूनं भरलेली.

"तुमचे कपडे कुठं आहेत?" माझा आवाज चढलाच.

"कपाटात ठिवल्यात, खालच्या कप्प्यात. पिशवी दाण्याला लागली." तळहातावरचे दाणे फुंकून त्यांनी त्यातला एक मला दाखवला. "किडका हाय बघ हितला शाळू. सुगीला गावाकडनं पोतं आणूया. वरीसभर पुराया पायजे की."

त्यांना वाटलं, मला तो दाणा दिसला नाही. त्यांनी हात आणखी पुढं केला.

"व्हय आप्पा," मी म्हणाले. "दोन पोती आणूया."